शेषेरावमामांचे चार होल्डर

आमच्या कारखान्यात चोर माल बाहेर नेताना सापडत नाही, परत आणताना सापडतो. हसू आलं ना? मलाही आलं असतं. पण तो चोर म्हणजे शेषेरावमामा होते, आणि त्या दिवशी माझं जे डोकं तापलं ते अजून निवलेलं नाही.

मी सत्यशीला. नांदेडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोअर एकोणीस वर्षं सांभाळते आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच नोकरी करते आणि आहे ती शांतपणे संपवायचा विचार आहे. शांतपणे हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही असं आमच्याकडचे लोक म्हणतात, म्हणोत बापडे. आम्ही साखर कारखान्यांना आणि तेलाच्या घाण्यांना लागणारे शाफ्ट आणि मोठाले स्क्रू बनवतो. शेषेरावमामा तिथले सगळ्यात जुने टर्नर, म्हणजे लेथ मशीन चालवणारे. मूळचे कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातले. राहायला नांदेडच्याच सिडकोत, दोन खोल्यांत.

मामांचं काम आटे पाडायचं. बोल्टवर ती फिरत जाणारी खाच असते ना, तेच आटे. आपण बाजारातून बोल्ट आणतो, नट फिरवतो, बसला की विसरून जातो. पण मनगटापेक्षा जाड शाफ्टवर वीतभर आटे पाडायचे म्हणजे काय, ते लेथसमोर तासभर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फिरत्या लोखंडावरून टूल, म्हणजे कापणारं पातं, हळूहळू पुढे न्यायचं. शेवटाला आलं की नेमक्या वेळी हाताने मागे ओढायचं. मशीन उलटी फिरवून टूल पुन्हा सुरुवातीला आणायचं, पुन्हा आत घालायचं, केसाइतकं खोल, आणि पुन्हा पुढे. एका शाफ्टला तीस-चाळीस वेळा हेच. एकदा जरी मागे ओढायला उशीर झाला की टूलचं टोक मोडतं, आट्यांची वाट लागते आणि आठवडाभर तासलेला शाफ्ट भंगारात जातो. आमच्या स्टोअरमधून दर महिन्याला किती मोडकी टूलं परत येत, ते मला विचारा.

मामांच्या मशीनवरून येत नसत. त्यांनी टूल धरायचे स्वतःचे होल्डर बनवले होते. एकूण चार. जाड आट्याला एक, बारीक आट्याला एक, चौकोनी आट्याला एक आणि डाव्या आट्याला एक. दिसायला लोखंडाचा ठोकळा, पण पुढचा भाग बिजागरीवर बसवलेला. मशीन सुलट फिरली की फिरतं लोखंडच टूलला खाली दाबून बसवतं. उलट फिरली की टूल आपोआप वर उचललं जातं, डब्याच्या झाकणासारखं. हाताने मागे ओढायची भानगडच नाही. मशीन थांबवायची, उलटी करायची, बस्स. त्या बिजागरीच्या पिनमध्ये कागदाएवढीही ढील असली तर आटे थरथरत पडतात. मामांची पिन बोटाने ढकलली की जाई, पण हलवून पाहिली तर हलत नसे.

हे होल्डर त्यांनी इथल्याच वजिराबादेत त्यांच्या उस्तादाच्या लेथवर बनवले होते, आमच्याकडे लागण्याआधी, रविवारी रविवारी जाऊन. लोखंड वडिलांच्या बैलगाडीचं. गाडी मोडली, बैल विकले, तेव्हा तिचा लोखंडी आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, घरात पडून होता. तो चौकोनी, ठोस, जुन्या घडणीचा. त्याचा अर्धा भाग कापून मामांनी चार होल्डर केले. आमच्याकडे नोकरीला आले ते हेच होल्डर पिशवीत घेऊन आले. ही गोष्ट कारखान्यात पोरासोरांपासून सगळ्यांना ठाऊक होती. फक्त कुठे लिहिलेली नव्हती.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण घोटाळा तिथेच झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा सगळेच करतात. आमच्याकडेही होते. मोठ्या नव्या मशीनला झेंडूचा हार घालतात, साहेब नारळ फोडतात, फोटो निघतो. मामा त्या पूजेला हजर असायचे, प्रसाद घ्यायचे. पण त्यांच्या उस्तादांनी त्यांना एक शिस्त लावली होती. कंपनीचं हत्यार कंपनीत पुजायचं, स्वतः घडवलेलं हत्यार स्वतःच्या घरी, बायकोच्या हातून. म्हणून दर खंडेनवमीला संध्याकाळी मामा ते चार होल्डर फडक्यात गुंडाळून घरी न्यायचे आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर येताना परत आणायचे. अशी बावीस वर्षं झाली. गेटवरचा गुंडप्पा, आमचा देगलूरकडचा वॉचमन, पिशवी बघायचा, हसायचा आणि म्हणायचा, "अण्णा, देव चालले का घरला?"

गेल्या वर्षी कारखान्यात हरिओम साहेब आले. मनुष्यबळ विभागाचे अधिकारी. आल्या आल्या त्यांनी गेटवर कॅमेरे बसवले. त्याआधी तांब्याची तार चोरीला गेली होती, तिचा चोर काही सापडला नव्हता, आणि वरून सारखी विचारणा होत होती. साहेबांना एक चोर हवा होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः गेटवर उभे होते, आणि मामा नेहमीसारखे पिशवी घेऊन आले.

"काय आहे हे?"

"होल्डर हायत, साहेब. आटे पाडायचे."

"कंपनीत वापरता?"

"हाव. रोज."

"मग बाहेर कुठून आणताय?"

"घरून. पूजेला नेले व्हते."

फडकं सोडलं. चार होल्डर, तेल पुसून लख्ख केलेले, वर हळदीकुंकवाची बोटं. साहेबांनी फोटो काढले. गुंडप्पाला लिहायला लावलं की कंपनीची मालमत्ता विनापरवाना बाहेर नेल्याचं आढळलं. गुंडप्पाने मला नंतर सांगितलं, ते लिहायचं त्याच्या मनात नव्हतं. मी त्याला म्हटलं, मनात नव्हतं तर थांबायचं होतंस! बोलायला माझं काय जातंय. त्याला तीन पोरी आहेत.

अहो, जो माणूस चोरलेलं सामान तेल लावून, कुंकू लावून, सकाळी आठच्या पाळीला वेळेवर परत घेऊन येतो, तो कसला चोर? एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसाच्या डोक्यात शिरू नये? होल्डर जप्त करून माझ्याच स्टोअरच्या कपाटात ठेवले. मामांना खुलासा मागणारी नोटीस दिली आणि तिघांची चौकशी समिती बसवली.

समितीपुढे मला बोलावलं. मी माझं रजिस्टर काखेत मारूनच गेले. पानं उलटून दाखवली. "साहेब, असे होल्डर कंपनीने कधी विकत घेतले नाहीत. मी कधी कुणाला दिले नाहीत. जे माझ्या स्टोअरमध्ये कधी आलंच नाही, ते चोरीला कसं जाईल?"

हरिओम साहेब म्हणाले, "म्याडम, याचा अर्थ एवढाच की तुमच्याकडे नोंद नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं रजिस्टर! एका वॉशरची नोंद चुकली तर मी जेवत नाही, आणि हा बाबा मला सांगतो, नोंद नाही. मामा मात्र खाली बघून उभे होते. त्यांनी एवढंच सांगितलं, "म्या सोता केलेत, साहेब. उस्तादाच्या वर्कशॉपात."

"उस्तादांना बोलवा मग."

"ते गेले. बारा साल झाले."

"वर्कशॉप?"

"मोडलं. तिथं आता मोबाइलचं दुकान हाय."

"म्हणजे पुरावा काहीच नाही," साहेब म्हणाले आणि फाइल मिटायला लागले.

आणि तेव्हा मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलले. "पुरावा हवा ना? मग त्यांना तुमच्यासमोर एक होल्डर बनवू द्या. उरलेला आख त्यांच्या घरी आहे. ज्याने बनवलेत त्यालाच बनवता येईल. डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा." मला वाटलं, काय अक्कल लढवली मी! साहेबांनी जरा विचार केला आणि लगेच हो म्हटलं. त्यांचं ते लगेच हो म्हणणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा अर्धा आख खांद्यावर घेऊन आले. या वेळी रीतसर गेटपास करून. समितीचे तिघे खुर्च्या टाकून बसले. सगळं खातं काम सोडून भोवती उभं. मामांनी आधी आख हॅकसॉने कापला. मशीनवर कापता आला असता, पण पहिला काप हाताने घ्यायची त्यांची सवय होती. मग चारी बाजू घासून सरळ केल्या, पुढच्या तोंडाला खाच काढली, त्यात बसेल असा छोटा ठोकळा तासला. तो खाचेत ठेवून दोन्हींना मिळून आरपार भोक पाडलं.

"येगयेगळं भोक पाडलं की फसलं," ते कामाच्या तंद्रीत बोलून गेले, जणू भोवती शिकाऊ पोरं होती. "दोगांला संगं पाडायचं. मंग पिन एकच वाट धरती."

मग रिमर फिरवून भोक गुळगुळीत केलं. पिन तासताना मात्र ते कुणाशी बोलले नाहीत. तासायची, पुसायची, घालून बघायची, काढायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, संपली, कुणी हललं नाही. दुपारी चारला पिन भोकात गेली. मामांनी ठोकळा बोटाने उचलून सोडला, तो खट् करून जागेवर बसला.

टूल घट्ट करून एका शाफ्टवर आटे पाडून दाखवले. मशीन पुढे गेली, थांबली, उलटी फिरली, आणि टूल आपोआप वर उचललं गेलं. खात्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरिओम साहेबांनी मोबाइलवर सगळं चित्रीकरण केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटले मामा.

दोन दिवसांनी समितीचा अहवाल आला. मी तो तीनदा वाचला, कारण पहिल्या दोन वेळी मला वाटलं माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असावा. अहवालात म्हटलं होतं की सदर कर्मचाऱ्याने असा होल्डर कंपनीच्या यंत्रावर, कंपनीच्या विजेवर आणि कामाच्या वेळेत तयार करता येतो हे स्वतः सिद्ध करून दाखवलं आहे. त्यामुळे आधीचे चार होल्डरही त्याच प्रकारे तयार झाले असण्याची दाट शक्यता आहे. सबब ते कंपनीच्या मालकीचे आहेत. पाचवाही.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. "तुम्हीच बनवायला सांगितलं आणि आता कंपनीच्या वेळेत बनवलं म्हणता? लाज नाही वाटत?"

"सुचवलं तुम्हीच होतं, म्याडम," साहेब म्हणाले. आवाज न चढवता.

खरंच होतं ते. मला थोबाडीत मारल्यासारखं झालं, आणि मारणारी मीच होते. ही माणसं पुरावा मागतात तेव्हा खरं शोधत नसतात, गळ्यात अडकवायला दोरी शोधत असतात. ती दोरी मी माझ्या हाताने वळून दिली.

साहेबांनी दया दाखवली म्हणे. मामांची निवृत्ती सव्वा वर्षावर आलेली. त्यांनी माफीनामा द्यायचा की मी कंपनीची मालमत्ता चुकून घरी नेली, पुन्हा नेणार नाही. मग प्रकरण बंद. नाही दिला तर नोकरीतून कमी. कागद टाइप करून तयार होता. विचार करायला एक दिवस दिला.

त्या संध्याकाळी मी सिडकोत मामांच्या घरी गेले. कशाला गेले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. सही करा म्हणून सांगायला गेले. म्हटलं, एक कागद आहे, टाका सही, सव्वा वर्ष काढा, सन्मानाने बाहेर पडा. सन्मानाने हा शब्द मी वापरला, हे मला आजही बोचतं.

कस्तुराबाई, त्यांची बायको, चहा ठेवत होती. गॅस बंद करून ती समोर येऊन बसली.

"काय लिव्हलंय त्या कागदात? नीट वाचून दावा मला."

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे हे कंपनीचं सामान व्हतं आन् यांनी ते उचलून आनलं, असंच ना? मंग बावीस साल म्या चोरीच्या मालाला कुंकू लावत व्हते का, बाई?"

मी चहा न पिता उठले. मामा दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "ताई, तुमी वंगाळ वाटून घिऊ नका. तुमी तर आमच्यासाठीच बोलल्या व्हत्या." त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मामांना केबिनमध्ये बोलावलं. साक्षीदार म्हणून मलाही. कागद पुढे सरकवला. मामांनी पेन मागितलं. साहेब हसले, खुर्चीत मागे रेलले. मामांनी कागद वाचला, 'कंपनीची मालमत्ता' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माझे होल्डर'. 'चुकून' खोडून लिहिलं, 'पूजेसाठी'. 'पुन्हा नेणार नाही' हे पूर्ण खोडलं. त्या जागी काही लिहिलं नाही. खाली संपूर्ण नाव घालून सही केली आणि कागद परत दिला.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले.

"म्या खरं लिव्हलं. तुमाला चालत नसंल तर तुमी तुमच्या मनानं करा."

कमी केल्याचा आदेशही तयारच होता. कालच टाइप करून ठेवलेला. तो बघून मला कळलं की मामा काय करणार हे त्या माणसाला आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे मामा खोट्या कागदावर सही करणार नाहीत एवढं त्यालाही ओळखता येत होतं, तरीही तो त्यांना चोर म्हणत होता! मी काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. मला नंतर त्याबद्दल मेमो मिळाला. तो मी घरी जपून ठेवला आहे.

मामांनी आदेश घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "साहेब, एक हाय. मशीनवर शाफ्ट लागलेला हाय, आटे निम्मेच झालेत. तेवढे पुरे करू द्या."

होल्डर जप्त झाल्यापासून तसाच अडलेला तो शाफ्ट लातूरकडच्या एका साखर कारखान्याला जायचा होता. गाळप सुरू व्हायला आठ दिवस राहिले होते, रोज फोन येत होते. अर्धवट पडलेले आटे दुसऱ्या टर्नरला सहसा पुरे करता येत नाहीत, टूल पुन्हा त्याच खाचेत नेमकं धरता येत नाही. साहेबांना हे कुणीतरी सांगितलं असणार, कारण ते चटकन म्हणाले, "हो, हो. तेवढं करून जा." ज्याला आत्ता कामावरून काढलं, त्याच्याकडून काम मात्र करून घ्यायचं.

मी मामांच्या मागोमाग खात्यात गेले. म्हटलं, "मामा, सोडा तो शाफ्ट. सडू द्या. होऊ दे त्यांची फजिती." ते शाफ्ट धरणारा चक फिरवून आट्यांची जागा बघत होते. ऐकलं नाही. मग म्हटलं, "निदान थांबा, मी कपाट उघडते, होल्डर काढून देते. माझी नोकरी गेली तरी चालेल."

"नगं, ताई. ते आता त्येंचे हायत म्हनतेत."

त्यांनी साधा, कंपनीचा होल्डर लावला. टूल जुन्या खाचेत धरायलाच अर्धा तास गेला. मग पुढे न्यायचं, शेवटाला हाताने मागे ओढायचं, उलटं आणायचं, पुन्हा आत घालायचं. सत्तावन्नाव्या वर्षी, बावीस वर्षांत मोडलेल्या सवयीने. शेजारी गुंडप्पा उभा, त्यांनी काही उचलू नये म्हणून पहारा द्यायला पाठवलेला. तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता. तीन वाजता मामांनी मशीन बंद केली, ब्रशने लोखंडाचा किस झाडला आणि नट लावून बघितला. नट एका बोटाने फिरवला, तो शेवटपर्यंत गेला.

त्यांनी हात धुतले. मला राहवलं नाही. मी जवळजवळ ओरडलेच, "कशाला केलात तो पुरा? एवढं सगळं झाल्यावर, कुणासाठी?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वेड्यासारखं विचारलं होतं.

"त्या शाफ्टानं माझं काय वाकडं केलं व्हतं, ताई?"

आणि ते गेटकडे निघाले. गेटवर त्यांची झडती घेतली.